कुठेतरी पाणी मुरतंय: घन इलेक्ट्रोलाइट, तापमान आणि उलटा गेलेला आलेख

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्याने नॅसिकॉनची, म्हणजे सोडियम-झिर्कोनियम-सिलिकेट-फॉस्फेट या घन इलेक्ट्रोलाइटची (ज्यातून आयन वाहतात असा घन पदार्थ), पेलेट, म्हणजे दाबून भाजलेली चकती, बनवली आणि ३० ते २५० अंश सेल्सियसपर्यंत तिचा इम्पीडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या विजेला होणारा रोध, मोजला. तापमान वाढलं की घन पदार्थातली आयनांची वाहकता वाढते, असं पुस्तक सांगतं. याच्याकडे मात्र ३० पासून साधारण ९० अंशांपर्यंत वाहकता घसरत गेली आणि मग चढायला लागली. १६० च्या आसपास रेषेला बाक आला, आणि १२० च्या पुढे नायक्विस्ट आलेखातलं, म्हणजे इम्पीडन्सचे दोन घटक एकमेकांसमोर मांडून काढलेल्या आलेखातलं, अर्धवर्तुळच नाहीसं झालं. गाईड म्हणतात, डेटा खराब आहे, परत घ्या. हा म्हणतो, जुलैपासून तीनदा घेतला, तिन्ही वेळा हेच आलं. जाता जाता त्याने आणखी एक विचारलंय: आपल्याकडच्या उकाड्यात घन बॅटऱ्या जास्त चांगल्या चालतील का?

डेटा खराब नाही. पहिल्या तुकड्यात तुम्ही सोडियम मोजलेलं नाही, पाणी मोजलंय. १६० चा बाक खरा आहे, तो जपून ठेवा. अर्धवर्तुळ कुठे गेलं नाही, तुमच्या यंत्राच्या हद्दीबाहेर गेलं. बॅटरीचं शेवटी सांगते.

मी रबाळ्याला एमआयडीसीत सिरॅमिकच्या तपासणीचं काम करते, वीसेक वर्षं झाली. त्याआधी एका लॅबमध्ये लिथियमच्या फॉस्फेटवर काम करत होते, तेव्हा अगदी हाच खड्डा माझ्या आलेखात होता. दोन महिने मी त्यावर डोकं चालवलं. दोषांच्या जोड्या जमतात, तापवल्यावर फुटतात, वगैरे एक सुंदर थिअरी रचली आणि 'कमी तापमानातली विसंगती' अशी स्लाइडही केली. आमच्याकडे एक मदतनीस होते, कळव्याहून यायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते एक दिवस टेबल पुसता पुसता म्हणाले, "मॅडम, ही गोळी रात्रभर उघडीच असते. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाची बरणी अशी ठेवली तर सकाळी चमचा हलत नाही. म्हणून त्यात चार दाणे तांदळाचे टाकतो." मी तेव्हा हसले. दुपारी गुपचूप पेलेटचं वजन केलं, दीडशे अंशांवर दोन तास ठेवली, परत वजन केलं. जवळजवळ दोन मिलिग्रॅम कमी. स्लाइड त्याच दिवशी डिलीट केली.

तुमच्या पेलेटचा हिशोब करू. दहा मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटर जाडी धरली तर नॅसिकॉनची पेलेट पाव ग्रॅमच्या आसपास भरते. तिने अर्धा टक्का पाणी ओढलं असेल तर ते सव्वा मिलिग्रॅम होतं, म्हणजे चार दशांश स्थळांच्या साध्या काट्यावरही सहज दिसेल. घनता तुम्ही लिहिलेली नाही. माझा अंदाज, ती नव्वद टक्क्यांच्या खाली आहे. तसं असेल तर आत भोकं आहेत, आणि त्यातली बरीचशी एकमेकांना आणि बाहेरच्या हवेला जोडलेली आहेत. जुलैच्या हवेत त्या भोकांच्या भिंतींवर पाण्याचे पातळ थर चढतात. या थरांतून प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर टुणटुण जातो, आणि पृष्ठभागावरचं थोडं सोडियमही त्यात विरघळून हिंडतं. म्हणजे खऱ्या रस्त्याला समांतर एक ओली पायवाट तयार होते. तुम्ही तापवायला लागलात की ही पायवाट वाळत जाते. आतला सोडियम जितका चपळ होतोय त्यापेक्षा पायवाट लवकर बंद होते, म्हणून एकूण वाहकता घसरते. पाणी संपलं की उरतो तो खरा पदार्थ, आणि तिथून रेषा पुस्तकासारखी वागते.

तीनदा तेच आलं, यात नवल नाही. दोन रीडिंगच्या मध्ये पेलेट रात्रभर बाहेर होती ना? मग तिने तिन्ही वेळा तितकंच पाणी पुन्हा ओढलं. चूकही तितक्याच शिस्तीने परत परत येऊ शकते.

खात्री करायला एकच काम करा. २५० पर्यंत गेलात की यंत्र बंद करू नका, पेलेट जिगमधून, म्हणजे पकडीतून, काढू नका, त्याच जागी उतरताना मोजा. शक्य असेल तर कोरड्या नायट्रोजनमध्ये. उतरतीची रेषा ३० पर्यंत सरळ आली, खड्डा गायब झाला, तर प्रश्न मिटला. तरीही खड्डा राहिलाच तर मला पुन्हा लिहा, तेव्हा खरंच काहीतरी वेगळं असेल. पुढच्या वेळेपासून पेलेट रात्रभर दीडशे-दोनशे अंशांवर, जमलं तर व्हॅक्यूममध्ये वाळवा आणि सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा. जेल निळं आहे की गुलाबी झालंय तेही बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते इतक्या लवकर गुलाबी होतं की लोक नंतर बघायचंच सोडून देतात. शिवाय इलेक्ट्रोड म्हणून सिल्व्हर पेस्ट लावली असेल तर तिच्यातला सॉल्व्हंट पहिल्या तापवण्यातच उडतो आणि संपर्क बदलतो. म्हणून पहिल्या चढतीच्या आकड्यांवर मी तरी कधीच भरवसा ठेवत नाही.

आता मूळ मुद्दा. तापमान नेमकं करतं काय?

विद्यार्थ्यांच्या डोक्यात साधारण असं चित्र असतं की उष्णता आयनांना ढकलते. तसं नाही. सोडियम आपल्या जागी बसून सतत थरथरत असतो, सेकंदाला साधारण एकावर बारा-तेरा शून्यं इतक्या वेळा. शेजारी रिकामी जागा आहे, पण मध्ये ऑक्सिजनच्या अणूंची अरुंद खिंड आहे. त्या खिंडीतून जायला जी ऊर्जा लागते ती ॲक्टिव्हेशन एनर्जी. ती ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं एकक) धरा. २७ अंशांवर दर थरथरीतली यशस्वी उडी साधारण एक लाख नऊ हजारांत एक. ६० अंशांवर पस्तीस हजारांत एक. १०० अंशांवर अकरा हजारांत एक. गंमत बघा, २७ वरून ६० वर जाताना केल्विनमध्ये तापमान फक्त अकरा टक्क्यांनी वाढलं, आणि यशस्वी उड्या मात्र तिपटीहून जास्त झाल्या. सरासरी आयन जवळपास होता तसाच आहे. फरक पडला तो गर्दीच्या अगदी टोकाला असलेल्या मोजक्या आयनांमध्ये, ज्यांच्याकडे योगायोगाने त्या क्षणी पुरेशी ऊर्जा होती. वाहकता हे त्या टोकाच्या लोकांचं काम आहे, सरासरीचं नाही. म्हणूनच तापमान आणि वाहकतेचं नातं सांगणाऱ्या आऱ्हेनियसच्या सूत्रात घातांक येतो आणि म्हणूनच आपण तापमानाचा व्यस्त अंक आडव्या अक्षावर घेतो.

त्या सूत्रात दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं ठिकाण: घनातल्या आयनांसाठी लॉगॅरिदम घ्यायचा तो वाहकता गुणिले तापमान या गुणाकाराचा. नुसत्या वाहकतेचा घेतलात तर ॲक्टिव्हेशन एनर्जी ०.०२५ ते ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने कमी येते. फार नाही, पण दोन पेपरांची तुलना करताना हाच फरक 'सुधारणा' म्हणून मिरवला गेलेला मी पाहिलाय. दुसरं ठिकाण: उभ्या अक्षावर दहाच्या पायाचा लॉग आणि आडव्यावर हजार भागिले तापमान असेल, तर उताराला ०.१९८४ ने गुणलं की ॲक्टिव्हेशन एनर्जी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. नैसर्गिक लॉगचं सूत्र इथे लावलं की उत्तर २.३ पट चुकतं. तुमची एनर्जी ०.१३ आली असेल तर आधी हे तपासा, मग नोबेलची तयारी करा.

तापवलं की वाहायला लागणारे घन पदार्थ ही काही आजची गोष्ट नाही. मायकेल फॅरडेला १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाइड तापवल्यावर जास्त वाहक होताना दिसलं होतं. धातूंच्या अगदी उलट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वाल्टर नेर्न्स्टने झिर्कोनिया या सिरॅमिकमध्ये यट्रिया (यट्रियमचं ऑक्साइड) मिसळून त्याच्या कांडीचा दिवा केला. थंड असताना ती कांडी वीज जाऊच देत नसे, आधी ज्योतीने किंवा वेगळ्या तारेने तापवावी लागे. आणि एकदा पेटली की उलटी पंचाईत. कांडी गरम, म्हणून वीज जास्त, म्हणून आणखी गरम. तिला आवरायला लोखंडी तारेचा रोध मालिकेत जोडावा लागे. तापमान आणि आयन यांचं नातं कळायला मला तरी याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

तोच पदार्थ आज तुमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये आहे. तुर्भ्याला किंवा वागळे इस्टेटला पेट्रोल गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलताना बघा. चार वायरींचा असेल तर त्यातल्या दोन नुसत्या हीटरच्या असतात. आत झिर्कोनिया आहे आणि त्यातून ऑक्सिजनचे आयन जायला साधारण तीनशे अंशांच्या वर तापमान लागतं. तो तापेपर्यंत गाडीचा कॉम्प्युटर त्याचं ऐकतच नाही. हीटर गेला की मेकॅनिक म्हणतो 'सेन्सर गेला', पण सिरॅमिक बिचारं ठणठणीत असतं, थंड असतं एवढंच.

आता तुमचा १६० चा बाक. या नॅसिकॉनची बातच वेगळी आहे. जॉन गुडइनफ आणि हाँग यांनी १९७६ मध्ये हा पदार्थ पुढे आणला तेव्हा ३०० अंशांवर त्याची वाहकता ०.२ सीमेन्स प्रति सेंटिमीटर होती, तेव्हाच्या बीटा-ॲल्युमिना या सोडियम वाहणाऱ्या सिरॅमिकच्या तोडीची. खोलीच्या तापमानाला याची जाळी थोडी तिरकी, मोनोक्लिनिक असते. दीडशेच्या पुढे कुठेतरी ती हळूहळू सरळ होऊन ऱ्हॉम्बोहेड्रल होते. सोडियमच्या जागा एकसारख्या होतात, खिंड किंचित सैल होते आणि उडी स्वस्त पडते. म्हणून बाकाच्या वर उतार कमी, खाली जास्त. तुमच्या दोन्ही तुकड्यांना वेगवेगळ्या रेषा लावा. एकच रेषा ठोकून सरासरी एनर्जी काढू नका. सरासरी एनर्जी म्हणजे ठाण्याहून पुण्याला जाताना घाट आणि सपाटी मिळून सरासरी चढ काढण्यासारखं, त्या चढाची गाडी कुठेच चालत नाही.

हा बाक हळुवार असतो हेही लक्षात घ्या. सगळेच असे नसतात. सिल्व्हर आयोडाइड १४७ अंशांवर एका झटक्यात बदलतं. आयोडीनची जाळी नवी रचना घेते, चांदीचे आयन त्या जाळीत जवळजवळ द्रवासारखे सैरावैरा होतात आणि वाहकता हजारो पटींनी उडी मारते. पुढे ५५८ अंशांवर ते खरोखर वितळतं, तेव्हा वाहकता उलट किंचित घटते. घन असताना द्रवापेक्षा जास्त वाहणारा पदार्थ! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

बाक दिसला की लोक लगेच 'फेज बदल' म्हणून मोकळे होतात, त्याआधी बाकाची दिशा बघायची. वर जाताना रेषा सपाट होत असेल तर एक तर पदार्थ बदलला, किंवा दोन अडथळे मालिकेत आहेत आणि जास्त एनर्जीवाला अडथळा गरम झाल्यावर विरून गेला. कणसीमा, म्हणजे ग्रेन बाउंड्री, दोन कण जिथे भेटतात ती सीमा, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. झिर्कोनियात तिसरंच कारण असतं, तिथे रिकाम्या जागा कमी तापमानाला यट्रियमपाशी अडकून बसतात आणि तापल्यावर सुटतात. पण वर जाताना रेषा जास्त तिरपी होत असेल तर दोन रस्ते समांतर आहेत आणि जास्त एनर्जीवाला रस्ता आता उघडलाय. साध्या मिठात हेच होतं. कमी तापमानाला अशुद्धीमुळे असलेल्या रिकाम्या जागा वापरल्या जातात, खूप तापवलं की मीठ स्वतःच नव्या रिकाम्या जागा तयार करायला लागतं, आणि मग उताराला उडीची किंमत अधिक जागा तयार करण्याची निम्मी किंमत असा दुहेरी भार येतो. तुमचा बाक सपाट होणारा आहे. म्हणून फेज बदल की कणसीमा एवढाच वाद उरतो. कॉलेजात डीएससी (पदार्थ तापताना किती उष्णता शोषतो ते मोजणारं यंत्र) असेल तर वीस मिलिग्रॅम पावडर घालून बघा. १६० जवळ छोटासा पसरट डोंगर दिसला तर फेज बदल.

कणसीमेवरून अर्धवर्तुळाकडे येते. तुम्ही लिहिलंय, 'बल्कचं अर्धवर्तुळ १२० नंतर गेलं.' बल्क म्हणजे कणांचा आतला भाग, आणि ते अर्धवर्तुळ त्याचं नव्हतंच. हिशोब करा. वाहकता १ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक ५० धरला तर बल्कच्या अर्धवर्तुळाचा माथा ३६ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो. तुमचं यंत्र बहुधा एक मेगाहर्ट्झवर संपतं. म्हणजे बल्क तुम्हाला ३० अंशांनाही दिसलेला नाही. जे दिसलं ते कणसीमेचं. पटत नसेल तर अर्धवर्तुळाच्या माथ्यावरची वारंवारता आणि रोध घेऊन कपॅसिटन्स काढा. बल्कसाठी तो पिकोफॅरडमध्ये येतो, कणसीमेसाठी नॅनोफॅरडच्या आसपास, आणि अर्धवर्तुळानंतर येणाऱ्या इलेक्ट्रोडच्या तिरक्या शेपटीसाठी मायक्रोफॅरडमध्ये. ही एक सवय लावून घेतलीत तर निम्मे घोळ टळतात.

तापवल्यावर काय झालं तेही यातून कळतं. कणसीमेचा रोध हजार ओहम आणि कपॅसिटन्स एक नॅनोफॅरड असेल तर माथा १६० किलोहर्ट्झवर, तुमच्या यंत्राच्या खिडकीत. रोध शंभर ओहमवर आला की माथा १.६ मेगाहर्ट्झवर, खिडकीबाहेर. अर्धवर्तुळ उजवीकडून डावीकडे आक्रसत जातं आणि शेवटी फक्त इलेक्ट्रोडची तिरकी शेपूट उरते. तिथून पुढे शेपूट आडव्या अक्षाला जिथे छेदते तो एकूण रोध घ्या. मात्र २५० अंशांवर तुमच्या पेलेटचा रोध चार-पाच ओहमवर येईल, आणि जिगच्या तारांचाच अर्धा ओहम असतो. दहा टक्के फुकट गेले. रिकामी जिग शॉर्ट करून प्रत्येक तापमानाला एकदा मोजून ठेवा आणि वजा करा. वायरचा इंडक्टन्सही तिथेच दिसतो, आलेख अक्षाच्या खाली घसरतो तो त्यामुळे. त्यात काही भौतिकशास्त्र शोधू नका.

बल्क वेगळा बघायचाच असेल तर उलट दिशेने जा, थंड करा. द्रव नायट्रोजनची सोय असलेल्या ठिकाणी उणे साठ-सत्तरवर बल्कचं अर्धवर्तुळ खाली सरकून खिडकीत येऊ लागतं. कणसीमा एवढी जाड का झाली, याचं उत्तर बहुधा भट्टीत आहे. बाराशे अंशांच्या वर सोडियम आणि फॉस्फरस थोडे थोडे उडून जातात आणि झिर्कोनिया सुटा पडतो. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या तपासणीत) मोनोक्लिनिक झिर्कोनियाच्या रेषा आहेत का बघा. पुढच्या खेपेला पेलेट त्याच पावडरमध्ये पुरून भाजा.

थर्मोकपलबद्दल (तापमान मोजणाऱ्या तारेबद्दल) तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तो भट्टीच्या हवेत लटकतोय. पेलेटपासून पाच अंशांचा फरक असेल तर ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टला खोलीच्या तापमानापाशी वाहकता पंधरा-वीस टक्क्यांनी चुकते. टोक पेलेटला जवळजवळ चिकटवा, प्रत्येक पायरीवर निदान अर्धा तास थांबा, आणि दहा मिनिटांच्या अंतराने दोन रीडिंग जुळली तरच पुढे जा. हे कंटाळवाणं आहे. प्रोजेक्टचा अर्धा वेळ यातच जातो, आणि जायलाच हवा.

यातलाच एक आपल्याकडचा खास घोळ म्हणजे 'रूम टेंपरेचर'. पेपरात ते २५ अंश असतं. वाशी-नेरुळच्या लॅबमध्ये दुपारी एसी बंद असला की ३२ असतं. ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पदार्थाला या सात अंशांनी वाहकता सत्तावीस-अठ्ठावीस टक्के वाढते. म्हणजे काहीही न करता तुमचा पदार्थ जर्मनीतल्या पेपरापेक्षा सव्वापट चांगला! 'खोलीच्या तापमानाला' असं लिहूच नका, आकडा लिहा.

ॲक्टिव्हेशन एनर्जी कमी म्हणजे पदार्थ चांगला, हेही अर्धवट खरं आहे. जाळी मऊ असेल तर उडी स्वस्त होते, पण सूत्रात घातांकाच्या आधी येणारा गुणकही बऱ्याचदा घटतो, एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. दोन्ही आकडे सांगितल्याशिवाय तुलना होत नाही.

राहिला बॅटरीचा प्रश्न. इलेक्ट्रोलाइटपुरतं बोलायचं तर हो, उकाडा फायद्याचा. ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टला २५ वरून ६० अंशांवर वाहकता साधारण तिप्पट होते, आणि उणे २० वर सातवा हिस्सा उरतो. म्हणजे लेहला रडणारी बॅटरी ठाण्याला खूश असेल. आणि आजचे चांगले पदार्थ खोलीच्या तापमानालाही कमी नाहीत. मुरुगन, तंगदुराई आणि वेप्नर यांनी २००७ मध्ये दाखवलेला लिथियमचा गार्नेट २५ अंशांवर ०.३ मिलिसीमेन्सच्या आसपास होता, तर २०११ मध्ये जपानमध्ये कान्नो यांच्या गटाने दिलेला जर्मेनियमवाला सल्फाइड २७ अंशांवर १२ मिलिसीमेन्स, म्हणजे बाटलीतल्या द्रव इलेक्ट्रोलाइटच्या बरोबरीचा. पॉलिमरचं गणित निराळं. पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये लिथियम उडी मारत नाही, साखळ्या वळवळतात त्यांच्यासोबत सरकतो. खोलीच्या तापमानाला हा पॉलिमर थिजलेल्या तुपासारखा, ६५ अंशांच्या आसपास वितळतो आणि मगच कामाला लागतो. पॅरिसमध्ये २०११ ला भाड्याच्या विजेच्या गाड्या आल्या त्यांच्या बॅटऱ्या म्हणूनच गरम ठेवाव्या लागत. त्याची रेषाही सरळ नसते, वाकडी असते. तिला आऱ्हेनियसचं सूत्र ओढूनताणून लावू नका.

पण बॅटरी म्हणजे नुसता इलेक्ट्रोलाइट नाही. इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोड जिथे भेटतात तिथल्या क्रियेची एनर्जी बऱ्याचदा ०.५ च्या पुढे असते, म्हणजे ती तापमानाला आणखी हुळहुळी. चांगली क्रिया वेगाने होते तशी वाईटही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत बॅटरी तासन्‌तास तापत राहिली तर हळूहळू नको तो थर वाढत जातो, आणि तो एकदा वाढला की थंड करून परत जात नाही. धातूरूप सोडियम वापरणार असाल तर तो ९८ अंशांना वितळतो हेही हिशोबात धरा. आणि आपली खरी अडचण उकाडा नाहीच, दमटपणा आहे. सल्फाइडला ओली हवा लागली की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो विषारी असतो, साध्या टेबलावर तो पदार्थ उघडूच नका. गार्नेटवर लिथियम कार्बोनेटचा पापुद्रा चढतो. त्या मानाने तुमचा नॅसिकॉन फारच सोशिक निघाला, त्याने नुसतं पाणी पिऊन तुम्हाला आलेख उलटा करून दाखवला.

पेलेट वाळवायच्या आधीचं आणि नंतरचं वजन, घनता, आणि उतरतीची रेषा, एवढं पाठवा. वजनात फरक मिलिग्रॅमच्या आत असेल तर मी वर लिहिलेलं पहिलं अर्धं उत्तर मागे घेईन. आणि गाईडना तिन्ही वेळचा डेटा दाखवा, फेकून देऊ नका. खड्डा किती खोल आला आणि त्या त्या दिवशी हवेतली आर्द्रता किती होती, हे शेजारी शेजारी मांडलंत तर प्रोजेक्टला एक आख्खं प्रकरण मिळेल.